वॉकर उभा राहतो पण चालत नाही, त्याचं काय करायचं

तुम्ही काय विचारलंय ते आधी एका दमात सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. टेबलावरच्या २८ मिमीच्या (म्हणजे साधारण तेवढ्या उंचीचे सैनिक असलेल्या) युद्धाच्या गेमसाठी दोन पायांच्या वॉकरची, म्हणजे चालणाऱ्या लढाऊ यंत्राची, दोन प्लास्टिक किटं आणली, दोन्ही सावधानमध्ये उभी. एकाला ढिगाऱ्यावर पाय टाकून चालताना दाखवायचं म्हणून गुडघ्यात कापला, सुपरग्लूने चिकटवला आणि पहिल्याच गेमला डब्यातून काढताना पाय हातात आला. रंग दिलाय पण खेळण्यातला दिसतो. आता दुसऱ्याला हात लावायच्या आधी विचारताय की कुठे कापू, तोफा बदलता याव्यात म्हणून मॅग्नेट लावू का, आणि तो हेअरस्प्रेवाला गंज करू का.

सगळ्याची उत्तरं देतो पण क्रम माझा, कारण फोटो बघून मला करवत किंवा ग्लू हा तुमचा मुख्य प्रॉब्लेम वाटलाच नाही. तुमच्या वॉकरला वजन नाहीये. ढिगाऱ्यावरचा पाय नुसता नेऊन ठेवलाय, त्याच्यावर भार आलेला दिसत नाही आणि पायाच्या वरचं सगळं यंत्र अजून सावधानमध्येच आहे. रंगाचंही तेच, पावलापासून छतापर्यंत एकसारखा हिरवा, म्हणजे हे यंत्र कधी चाललंय, कुणी त्याच्यावर चढलंय, कुठे घासलंय यातलं काहीच दिसत नाही. माझे पहिले तीन-चार वॉकर अगदी अस्सेच होते, त्यातला एक अजून माझ्या कपाटात आहे आणि तो एक पाय वर करून घाबरल्यासारखा दिसतो.

तर आधी कंबर. सगळे गुडघ्यापासून सुरू करतात कारण वाकतो तो गुडघा, पण चाल ठरते कमरेत. एक प्रयोग करा, आत्ता उठून करा. भिंतीला उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड चिकटवून उभे राहा, आणि आता डावा पाय उचलायचा प्रयत्न करा. जमत नाही. कारण पाय उचलायच्या आधी अंग उभ्या पायाच्या वर सरकावं लागतं आणि भिंत ते सरकू देत नाही. किटमधला वॉकर हा कायम त्या भिंतीला टेकून उभा असतो, कंबरेचा आडवा दांडा एकदम लेव्हल, धड बरोबर दोन पायांच्या मधोमध. तुम्ही खालून कितीही गुडघे वाकवा, वरचं अंग सरकलं नाही तर डोळ्याला लगेच कळतं की हे पडायला हवं होतं.

म्हणून काहीही कापायच्या आधी सगळे पार्ट ब्लू-टॅकने (परत काढता येणारा चिकट गोळा) नुसते जोडा आणि ओळंबा लावा. गवंडी लावतो तोच, फक्त शिवणाचा दोरा आणि एक बारका नट. दोरा कॅबिनच्या मध्यावर धरायचा, तोफ एका बाजूला जड असेल तर थोडा तिकडे, आणि नट खाली कुठे येतो ते बघायचं. एक पाय हवेत असेल तर नट टेकलेल्या पावलाच्या आत यायला हवा. दोन्ही पाय जमिनीवर असतील तर दोघांच्या मध्ये कुठेतरी, आणि ज्या पायावर जास्त भार दाखवायचाय त्याच्या जवळ. धावणारा वॉकर करायचा असेल तर नट पुढे गेला तरी चालतो कारण धावणं म्हणजे पडता पडता सावरणंच, पण ते हलक्या टेहळणीच्या यंत्राला शोभतं, तुमच्या वॉकरसारख्या जाड चिलखतवाल्या डब्याला नाही. मी हा दोरा लावायला लागलो तेव्हा कळलं की माझ्या निम्म्या पोझ नुसत्या ग्लूच्या जोरावर उभ्या होत्या.

कमरेचा दांडा पाच ते आठ अंश तिरका करा, त्याहून जास्त नको. ढिगाऱ्यावर पाऊल ठेवलेली बाजू वर, खालचा पाय असलेली बाजू खाली. आणि मग धड कमरेवर बसतं तिथे तेवढंच उलटं तिरकं करून कॅबिन जवळजवळ लेव्हलला आणा, कारण आत बसलेल्या माणसाला समोरचं बघायचंय, मान वाकडी करून कोण चालवेल? हे दोन उलटे कोन आले की यंत्र स्वतःला सावरतंय असं वाटायला लागतं. बहुतेक किटांत धड गोल खुंटीवर बसतं, ती खुंटी कापून टाका आणि त्या जागी एक पिन (दोन्ही तुकड्यांत आत जाणारा तारेचा तुकडा) आणि थोडी पुटी. बस्स, दहा मिनिटांचं काम आहे.

आता पाय किती वाकवायचा. इथे लोक अंदाजाने कापतात आणि मग पाऊल ढिगाऱ्याच्या दोन मिलिमीटर वर तरंगतं. अंदाज कशाला, शाळेतली कंपासपेटी काढा. समजा मांडी कमरेच्या खिळ्यापासून गुडघ्याच्या खिळ्यापर्यंत २२ मिमी आणि पोटरी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत २६ मिमी. पाय सरळ असताना कंबर घोट्याच्या ४८ मिमी वर असते. उभा पाय अगदी ताठ ठेवायचा नाही, थोडा वाकवून कंबर ४५ वर आणा. ढिगारा १२ मिमी उंच आणि पुढचं पाऊल १८ मिमी पुढे, म्हणजे कमरेपासून पुढच्या घोट्यापर्यंत ३३ खाली आणि १८ पुढे. कागदावर हे दोन बिंदू काढा, कमरेच्या बिंदूवरून २२ चा कंस मारा, घोट्याच्या बिंदूवरून २६ चा, दोन कंस छेदतात तिथे गुडघा. या आकड्यांना गुडघ्याचा कोन साधारण १०३ अंश येतो. (कमरेचा तिरकेपणा धरला तर एखाद मिलिमीटरचा फरक पडेल, तो घोट्यात खपतो.) तो कागद टेबलावर चिकटवून ठेवायचा आणि कापलेला पाय त्याच्यावर आडवा ठेवून जोडायचा. पोझबद्दलचे माझे सगळे वाद हा कागद आल्यापासून मिटले.

तुमचे पाय मागे मोडणारे, म्हणजे कोंबडीसारखे असतील तर एक लक्षात ठेवा, पक्ष्याचा तो मागे वळलेला गुडघा खरं तर घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत झाकलेला. त्यामुळे अशा यंत्राला कमरेजवळ अजून एक वाकायची जागा दिली की एकदम जिवंत वाटतं. नुसता मधला सांधा वाकवलात तर स्टुलाचा पाय तुटल्यासारखं दिसतं.

कापताना मांडीच्या किंवा पोटरीच्या मधोमध कधीच कापू नका, सांध्यातच कापायचं. गुडघ्याची गोल चकती असते ना, ती मांडीकडे ठेवायची आणि पोटरी तिच्यापासून वेगळी करायची. बारीक दातांची रेझर सॉ घ्या, कटर ब्लेडने दाबून कापलं तर प्लास्टिक फाकतं आणि कोन बिघडतो. पोटरीचं कापलेलं टोक मग गोल कानशीने आतून खोलगट करत जायचं, चकतीवर नीट बसेपर्यंत, आणि घाई नाही, दोन घासा मारायच्या, बसवून बघायचं, परत दोन घासा. चकती खराब झाली तर रडू नका, त्याच जाडीच्या प्लास्टिक रॉडचा तुकडा कापून लावा, उलट जास्त स्वच्छ दिसतो.

पिनबद्दल बोलू, कारण तुमचा पाय इथेच गेला. सुपरग्लू ओढायला चांगला तग धरतो पण आडवा झटका बसला की कडक काचेसारखा सुटतो, आणि वॉकरच्या पायाला गेममध्ये मिळतात ते सगळे आडवे झटकेच. शिवाय प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना सुपरग्लू का वापरायचा हेच मला कळत नाही, पॉलिस्टायरीनचं किट असेल तर प्लास्टिक सिमेंट वापरा, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, तो जोड नसतोच मग, तो एकच तुकडा होतो. चोवीस तास हात लावायचा नाही, वाळला असं वाटलं तरी नाही.

आणि तरीही पिन हवीच. १ मिमी जाडीची पितळी तार, दोन्ही बाजूंना किमान ५ मिमी आत. हाताने फिरवायच्या पिन वाइसने भोक पाडा, मोटरवाल्या ड्रिलने प्लास्टिक गरम होऊन वितळतं आणि भोक भलतीकडे सरकतं. समोरासमोरची भोकं जुळवायची युक्ती अशी की एका भोकाच्या तोंडावर ओल्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि दोन्ही तुकडे एकदा टेकवायचे, समोर ठिपका उमटतो तिथे दुसरं भोक. पण गुडघ्यासाठी याहून बरा मार्ग आहे, पिन पायाच्या लांबीत घालायचीच नाही, आडवी घालायची, बिजागरीच्या खिळ्यासारखी, चकतीच्या मध्यातून आरपार. मग ग्लू लावायच्या आधी कोन हवा तसा फिरवून बघता येतो आणि भार पिनेवर येतो, ग्लूवर नाही. बाहेर राहिलेलं पिनेचं टोक कापून त्यावर बोल्टचं डोकं बसवा, कुणाला कळणारही नाही.

फटी भरायला स्प्रूचे (किटचे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) बारीक तुकडे प्लास्टिक सिमेंटच्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवायचे, घट्ट चिक तयार होतो, तो लावून वाळला की घासायचा. ग्रीन स्टफ (दोन पट्ट्या एकत्र मळून वापरायची पुटी) घ्यायचं तर निळ्या-पिवळ्या पट्ट्या जिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात तो मधला भाग आधी कापून फेका, तिथे आधीच कडक झालेले कण असतात आणि ते गुळगुळीत पृष्ठभागात खड्यासारखे वर येतात. मळल्यावर तास-दीड तास हातात असतो. हत्यार पाण्यात बुडवत राहा.

पिस्टन! हे विसरलात म्हणून तुमचा गुडघा खोटा वाटतोय, फोटो मोठा करून बघा. मूळ किटमध्ये गुडघ्यामागे जो पिस्टन होता तो तुम्ही कापून अर्धा तसाच ठेवलाय आणि तो आता हवेत कुठेतरी संपतो. गुडघा वाकला की मागचा पिस्टन आखूड होणार आणि पुढून गेलेला असेल तर लांबणार. मूळचा खरवडून काढा, पितळी नळी आणि तिच्यात जाणारी तार घ्या, नळी मांडीला, तार पोटरीला, मध्ये जितकी तार दिसायची तितकी दिसू द्या. दोन पायांच्या पिस्टनची लांबी वेगवेगळी दिसली की चाल न सांगता कळते. हायड्रॉलिकच्या नळ्यांना मी गिटारची गुंडाळीवाली जाड तार वापरतो, आणि नळीला ढील ठेवायची, ताणलेली नळी वाकलेल्या सांध्यावर चुकीची दिसते, सांधा सरळ झाला की ती तुटणार ना. खोदकामाच्या मशीनच्या हाताचे फोटो बघा, नळ्या सांध्यापाशी कशा सैल लूपमध्ये जातात ते.

खऱ्या यंत्रांचे फोटो बघायची सवय लावाच. दुसऱ्यांचे रंगवलेले वॉकर बघून शिकलात तर त्यांच्या चुकाही आपोआप येतात. जनरल इलेक्ट्रिकने १९६० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी खरोखरचा चार पायांचा वॉकिंग ट्रक बनवला होता, राल्फ मोशर या इंजिनियरचं काम, आत बसलेला माणूस आपल्या हातापायांनी त्याचे चारही पाय चालवायचा. तो नंतर अमेरिकेतल्या फोर्ट युस्टिसच्या म्युझियममध्ये ठेवला गेला. आणि वजन म्हणजे काय ते बघायचं असेल तर बिग मस्की शोधा, १९६९ मध्ये ओहायोतल्या कोळसा खाणीत लागलेलं खोदयंत्र, बारा हजार टनांच्या आसपास, आणि ते चाकांवर नाही तर अवाढव्य पावलांवर स्वतःला उचलून पुढे टाकत सरकायचं. त्याची पावलं बघितली की आपल्या वॉकरची पावलं किती फुसकी आहेत ते कळतं. भार पसरायला जागा लागते. तुमच्या किटची पावलं मला बारीकच वाटली, १ मिमी प्लास्टिक शीटचा एक तळवा कापून खाली चिकटवा, कडेने एक-दीड मिमी बाहेर, जुगाड साधा आहे पण यंत्र लगेच टनभर जड होतं. घोटाही कापावा लागेल हं, पाऊल जमिनीला सपाट टेकलंच पाहिजे, टाच हवेत असलेला उभा पाय बघवत नाही.

मॅग्नेटचं. हो, लावा, पण फक्त तोफांना. ५ बाय २ मिमीचे निओडिमियम खांद्यात, तेवढेच तोफेच्या बुडात. सगळे मॅग्नेट एका चळतीत ठेवायचे आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मार्करने ठिपका, खांद्यात ठिपका बाहेर, तोफेत ठिपका आत, हा नियम एकदा ठरवला की सगळ्या आर्मीत तोच. मी एकदा न बघता सहा तोफा उलट्या ध्रुवाने चिकटवल्या, त्या खांद्याजवळ नेल्या की उडून जायच्या, मित्रांना फार मजा आली. एकट्या मॅग्नेटवर जड तोफ हळूहळू खाली मान टाकते, म्हणून शेजारी एक छोटी खुंटी आणि तिच्यासाठी भोक ठेवा म्हणजे फिरणार नाही. भोक मोठं पाडायचं तर आधी १ मिमी, मग ३, मग ५. गुडघ्यात किंवा कमरेत मॅग्नेट लावू नका, कुणीही सांगितलं तरी, पोझ बदलता येते हे ऐकायला छान आहे पण अशा कमरेचा भार कशावरच नसतो.

तोफ बदलताना एवढंच बघा की समोरच्या खेळाडूला ती लांबून ओळखू आली पाहिजे, आग फेकणारी असेल तर टाकी दिसू दे. आणि गेम्स वर्कशॉपच्या (वॉरहॅमर गेम बनवणारी कंपनी) स्वतःच्या कार्यक्रमात न्यायचा असेल तर तिथे त्यांचेच पार्ट लागतात, बाहेरचा हात-पाय लावलेला वॉकर घरच्या टेबलासाठी ठेवा. उंचीचंही बघा. ढिगाऱ्यावर चढवून मॉडेल भलतंच उंच झालं किंवा बसवून भलतंच बुटकं झालं तर लपण्या-दिसण्याचे नियम बदलतात आणि समोरचा म्हणेल मुद्दाम केलंय. मी मूळ उंचीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या आतच राहतो, बेस, म्हणजे मॉडेल ज्याच्यावर उभं असतं तो तळ, मूळचाच.

स्केलचं थोडं, कारण तुम्ही म्हणालात दुसरा वॉकर रोबोटच्या किटमधून करायचाही विचार आहे. गनप्लाचं (गुंडम रोबोटांची प्लास्टिक किटं) १/१४४ किट म्हणजे १८ मीटरचा रोबोट साडेबारा सेंटीमीटरचा, आणि त्या मापात माणूस फक्त १२ मिमी. आपला २८ मिमीचा सैनिक साधारण १/५६ मध्ये मोडतो, माणूस ३० मिमीच्या आसपास. म्हणजे रोबोटचं शरीर चालेल पण त्याच्यावरची दारं, हँडल, खिडक्या सगळी बाहुलीघराची वाटणार. ती घासून सपाट करा आणि आपल्या मापाची लावा, माणूस आत जाईल असं हॅच किमान १० मिमी रुंद. शिडीच्या पायऱ्यांत खऱ्या जगात ३० सेंटीमीटर अंतर असतं, १/५६ ला ते साडेपाच मिमीच्या जवळ येतं, ०.५ मिमी तारेच्या चार पायऱ्या पोटरीवर लावा, दुसरं काही नाही केलंत तरी डोळ्याला माप मिळतं. त्या किटांत सांध्याचे काही पार्ट एबीएस नावाच्या वेगळ्या प्लास्टिकचे असतात, ताणाखाली असताना त्यांच्यावर पेट्रोलियमवाले पातळ रंग गेले की तडकतात, सांभाळून. आणि सांध्याच्या आतल्या मऊ पॉलीकॅपवर (सांधा फिरता ठेवणाऱ्या टोप्या) रंग टिकतच नाही.

रेझिनचे पार्ट घेतलेत तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल असतं, त्यावर रंग सालीसारखा निघतो. घासताना पाण्याखाली घासा आणि मास्क लावा. यात हयगय नको, ती धूळ फुप्फुसात जाते.

आता रंग. धड, दोन पाय आणि तोफा वेगवेगळे रंगवा, सगळं जोडून मग रंगवलं तर कमरेच्या आत ब्रश पोचत नाही. पाय मात्र बेसवर पिनेने पक्के झाल्यावर. काळा प्रायमर वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू आणि बाहेरच बंद, दमट दिवशी करू नका, पांढुरका धुरळा बसतो. मग फक्त वरून, डोक्यावरच्या दिव्याच्या दिशेने, फिका करडा. एअरब्रश नसेल तर स्प्रे कॅनने होतं किंवा जाड मऊ ब्रशने ड्रायब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश वरवर फिरवायचा. या पायरीवर मॉडेलचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात आकार समजला तर पुढे कुठलाही रंग चालेल.

खेळणं का वाटतं? एकच छटा आणि एकच चमक सगळीकडे असते म्हणून. तुमचा हिरवा चांगला आहे, त्यात थोडा पिवळट फिका रंग मिसळून छत आणि खांदे, मूळ हिरवा बाजूंना, आणि थोडा तपकिरी मिसळून मांडीखालचं सगळं. शुद्ध पांढरा मिसळू नका, खडूसारखा होतो. एखादं पॅनेल, एक हॅच किंवा एक गुडघ्याची प्लेट, मुद्दाम वेगळ्या छटेत, बदलून लावलेला पार्ट म्हणून. त्यावर ग्लॉस वार्निश, मग ऑइल रंग व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून बारीक ब्रशने फक्त खाचांत आणि बोल्टभोवती टेकवायचा, तो स्वतःच धावत जातो. सगळ्या मॉडेलवर ओतू नका, त्याने नुसतं मळकट होतं. नंबर आणि निशाण्यांची डिकल्सही (चिकटवायची पातळ छापील चित्रं) याच ग्लॉसवर, नाहीतर कडा चांदीसारख्या चमकतात.

हेअरस्प्रे. या साइझला मी नाही म्हणेन, निदान सगळ्या अंगावर तरी. तंत्र छान आहे, खाली गंजाचा रंग, त्यावर वार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके थर, त्यावर अ‍ॅक्रिलिक, आणि तासाभराच्या आत ओल्या राठ ब्रशने घासलं की वरचा रंग टवके होऊन निघतो. पण टवका केवढा निघेल ते पूर्ण आपल्या हातात नसतं आणि ३ मिमीचा टवका १/५६ ला जवळजवळ १७ सेंटीमीटरचा होतो, एका अंगावर असे पन्नास म्हणजे यंत्र भंगारातून उचलून आणलंय. बर्फातला वॉकर असेल, हिरव्यावर घाईत फासलेला पांढरा चुना झिजतोय असं दाखवायचं असेल, तर मात्र हेअरस्प्रेला तोड नाही. तुम्हाला साधा स्पंज पुरेल. पॅकिंगमधला फोम फाडा, कापू नका, गडद तपकिरी रंगात बुडवून टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि कडांवर हलके टेकवा.

कुठे टेकवायचा हे महत्त्वाचं. माणूस जिथे पाय देतो, जिथे हात घालतो, जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथेच. पावलांच्या पुढच्या कडा, नडग्या, शिडीच्या पायऱ्या, हॅचच्या हँडलभोवती, तोफ बदलताना खांद्याची आतली बाजू. कॅबिनच्या गालावर टवके का असतील? तिथे कोण जातं? गंज ताज्या टवक्यांत नाही, धुराड्यावर, तिथे उष्णतेने रंग आधीच जळालेला असतो. पाण्याचे ओघळ सरळ खाली, आणि इथे गंमत आहे, यंत्र तिरकं उभं असेल तरी ओघळ तिरक्या पॅनेलला समांतर काढायचे, कारण पाऊस पडला तेव्हा ते सरळ उभं होतं.

पिस्टनची दांडी हा माझा लाडका भाग. नळीवर गाडीचाच रंग, पण आतली दांडी एकदम चकचकीत, कारण ती सतत आत-बाहेर घासते, तिच्यावर रंग टिकूच शकत नाही आणि गंजही धरत नाही. दांडी जिथे नळीत शिरते तिथे काळपट तेलाचं एक बारीक कडं, आणि त्या तेलाला चिकटलेली धूळ. हे एवढं जवळून दिसतं आणि लोक विचारतात की हा खरंच हलतो का. सगळ्यात शेवटी, मॅट वार्निश झाल्यावर, दांडीवर चांदी आणि तेलाच्या जागी थोडं ग्लॉस परत द्यायचं, नाहीतर मॅट सगळं मारून टाकतं.

धुळीची पिग्मेंट पावडर बेसच्या मातीच्याच रंगाची, पावलावर दाट, पोटरीवर विरळ, गुडघ्याच्या वर जवळजवळ नाही. मागच्या पायाच्या टाचेवर आणि दोन्ही पायांच्या आतल्या बाजूंना जास्त, कारण चालताना एक पाय दुसऱ्यावर उडवतो. बेसच्या पुटीत पाऊल ओलं असतानाच दाबा, कडेने माती वर आली पाहिजे, आणि ढिगाऱ्यातली एक वीट पावलाखाली दोन तुकडे करून ठेवा. बेसखाली दोन-तीन लोखंडी वॉशर चिकटवा, वर जड झालेला वॉकर टेबलाला धक्का लागला की तोंडावर आपटतो, आणि डब्यात मॅग्नेट शीट लावली तर पकडूनही राहतो.

तुमचा तुटलेला पाय फेकू नका. सुपरग्लू दोन्ही बाजूंनी पूर्ण खरवडा, एसीटोन लावू नका, पॉलिस्टायरीन वितळेल. चकती शाबूत दिसतेय, तिच्या मध्यातून १ मिमीचं आरपार भोक, आडवी पिन, कोन कागदावर मोजून, सिमेंट, आणि चोवीस तास तो कागदावर आडवा पडू दे. मागचा पिस्टन आखूड करून नवा. आणि हा पाय पुढे ठेवणार असाल तर कॅबिन त्याच्याकडे साधारण तीन मिलिमीटर सरकवा, ओळंबा लावून, मग धडाची पिन चिकटवा.